पहिल्या नळीतलं रक्त

मोजणाऱ्याचा फोन आला तेव्हा धाकटीच्या समोर एका अनोळखी माणसाचा दंड रबरी पट्ट्याने आवळलेला होता. फोन तिने खांद्यात आणि कानात धरला. काम चालू असताना ती असं कधी करत नसे. पण तळघरातल्या प्रयोगशाळेचा तो नंबर पडद्यावर उमटायची वाट ती पाच दिवस बघत होती. "सहा," मोजणारा म्हणाला. पुढेमागे काही नाही, नुसतं सहा. मग आपणच ओशाळल्यासारखा म्हणाला की तुझ्या जाऊबाईंच्या सहा निघाल्या, वर डॉक्टरीणबाईंना कळवलंय, पण तू आपल्यातली म्हणून आधी कानावर घातलं. ती बरं म्हणाली. फोन ठेवला. समोरच्या दंडाखाली शीर टरारून वर आली होती, आंधळ्यालाही सापडावी अशी, आणि ती नुसती त्या शिरेकडे बघत राहिली. किती वेळ, ते तिला कळलं नाही. "बाई," तो माणूस शेवटी म्हणाला, "हात सोडताय की घरी नेताय?" रांगेतलं कोणीतरी हसलं. त्याची बोटं जांभळी पडली होती. एकवीस वर्षं ती या खिडकीशी बसून लोकांचं रक्त काढत होती, आणि एकवीस वर्षांत तिच्या हातून पट्टा असा विसरला नव्हता.

सहा म्हणजे काही मोठा आकडा नव्हे. सहा माणसं जेवायला बसली तर घर भरल्यासारखंही वाटत नाही. पण हे सहा साडेसात मिलिलिटर रक्तातले होते, दीड चमचा रक्तातले. त्या दीड चमच्यात तांबड्या पेशी अब्जांनी, पांढऱ्या कोटींनी, आणि त्या गर्दीत डोळ्यांत तेल घालून शोधायच्या त्या या, गाठीतून सुटून रक्ताला लागलेल्या. तळघरात एक यंत्र त्यांना रंग चढवून वेगळं काढतं, त्यांची बारीक बारीक चित्रं पडद्यावर मांडतं, आणि अंधाऱ्या खोलीत बसलेला मोजणारा एकेका चित्राकडे बघून ठरवतो, ही ती, ही ती नव्हे. थोरलीच्या, म्हणजे या जावेच्या, आधीच्या मोजणीत दोन निघाल्या होत्या, मग एक. पाचाच्या आत आहे तोवर आहे तेच औषध, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. पाच झाल्या किंवा वर गेल्या तर दुसरं. या खेपेला छातीचा, पाठीच्या कण्याचा स्कॅन काठावर होता. एक डाग, जो डाग असेल किंवा नसेल. आकडा आला की ठरवू, असं त्या म्हणाल्या होत्या. आकडा आला होता.

खिडकीवरची रांग संपेपर्यंत धाकटीने अठरा जणांचं रक्त काढलं, आणि प्रत्येक वेळी पहिली नळी भरली की उजेडाकडे धरून बघितली. पहिली नळी. खिडकीवर येणाऱ्या सगळ्या नवख्यांना ती शिकवत आली होती ते हेच, की मोजणीला पहिली नळी कधी द्यायची नाही. सुई आत जाते ती कातडीतून जाते. जाताना कातडीचा एखादा कण सोबत नेते, उंबऱ्यावरची माती पायाला लागून घरात यावी तसा, आणि तो कण पहिल्या रक्ताबरोबर नळीत उतरतो. कातडीच्या पेशीला तोच रंग चढतो जो गाठीच्या पेशीला चढतो. यंत्राला फरक कळत नाही, मोजणाऱ्यालाही कधी कधी कळत नाही. म्हणून पहिली नळी साध्या तपासण्यांना, दुसरी मोजणीला, आणि कागदावर एक चौकोन, 'पहिली नळी वेगळी काढली', त्यात खूण करायची. इतकी साधी गोष्ट. लहान मुलालाही शिकवली तर जमेल.

आणि त्या दिवशी तिने मोजणीची नळी आधी भरली होती.

का भरली, याचं उत्तर तिने पाच दिवस स्वतःला एकच दिलं होतं, आणि ते उत्तर चांगलं होतं. औषधांनी थोरलीच्या शिरा गेल्या होत्या. बोटाखाली लागायच्या आणि टोचलं की पळायच्या, किंवा लागून दोन थेंब देऊन मिटून जायच्या, लाजाळूच्या पानासारख्या. त्या दिवशी उजव्या मनगटाच्या वरच्या अंगाला एक बारीकशी लागली. रक्त आलं, पण असं हळू की धाकटीला लगेच कळलं, ही दोन नळ्या द्यायची नाही. मोजणीची नळी खुणेपर्यंत भरावीच लागते, अर्धी चालत नाही. साध्या तपासण्यांना थोडं चालतं. तिने हात जराही न हलवता नळ्यांची अदलाबदल केली. आधी मोजणीची. ती खुणेपर्यंत भरली, मग दुसरीत जेमतेम बोटभर, आणि शीर मिटली. पुन्हा टोचायला हवं होतं. दुसऱ्या हाताला, नव्या सुईने, साधं रक्त आधी आणि मोजणीचं मागून, सगळं पहिल्यापासून. तिने कापूस दाबला आणि म्हणाली, "झालं." कागदावरच्या चौकोनात खूण केली. त्या वेळी तिला खोटं बोलल्यासारखं वाटलंसुद्धा नाही. एका आजारी बाईला दुसऱ्यांदा टोचलं नाही, एवढंच वाटलं. दया आली, असं ती पाच दिवस म्हणत आली. आता सहा हा शब्द कानात पडल्यावर त्या दयेकडे नीट बघावं लागत होतं, आणि बघितलं की तिच्या खालून दुसरंच काहीतरी डोकं वर काढत होतं.

एका घरात दोघी नऊ वर्षं नांदल्या, मग खालचा मजला थोरलीचा, वरचा धाकटीचा असं झालं. तरी जाणंयेणं होतं. मग एक दिवस आल्यागेल्यांसमोर, हसत हसत, थोरली बोलून गेली, "हिच्या हातचं नको गं बाई, दिवसभर लोकांच्या रक्तात असतो तो हात." सगळे हसले. धाकटीही हसली. त्यानंतर चार वर्षं दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. तिला सांगा, त्यांना म्हणावं, असं दोन भावांच्या तोंडून चालायचं, आणि बिचारे भाऊ निरोप्यासारखे जिना चढायचे उतरायचे. धाकटी रोज कामावरून येऊन हात धुवायची ते कोपरापर्यंत, आणि धुतले की वास घेऊन बघायची. कसलाच वास यायचा नाही. तरी बघायची. मग थोरलीच्या छातीत गाठ निघाली, ती काढली, औषधं झाली, सगळं निवलं असं वाटलं आणि वर्षाने पुन्हा वर आलं. तेव्हा एका सकाळी थोरली चौदा पायऱ्या चढून, धापा टाकत, वरच्या दारात उभी राहिली. बाही कोपराच्या वर सारलेली. "माझं रक्त तू काढ," ती म्हणाली. "बाकीचे खोदकाम करतात." चार वर्षांनंतरचं पहिलं वाक्य. माफी नाही, गोडवा नाही. थोरलीला तिरकं बोलायचं आणि यमक जुळवायचं व्यसनच होतं, जिना उतरता उतरता ती पुटपुटलीच, "हात हलका, जीभ जड, धाकटीचं सगळंच अवघड." धाकटीने दार लावलं. मग ती रडली, आणि रडताना तिला कळलं की तिला आनंद झालाय.

तेव्हापासून थोरली रांगेत बसली की शेजारच्यांना सांगायची, ही माझी जाऊ, ही एकदाच टोचते. कोणी विचारो न विचारो. बाकावरची माणसं मान वर करून खिडकीकडे बघायची. त्या दिवशीही सांगत होती. काच अर्धी उघडी होती, आणि धाकटीने ते ऐकलं होतं. मग शीर मिटली, मग नळ्यांची अदलाबदल, मग तो कापूस. दया होती, नव्हती असं नाही. पण दया एकटी नव्हती. तिच्या पदराला धरून दिमाख आला होता, आणि पुन्हा टोचायचं नाही असं ठरवताना हात दयेने आखडला की दिमाखाने, हे आता तिला कोणीही सांगू शकलं नसतं. मोजणाऱ्याला रंग तरी होते.

त्या संध्याकाळी ती खाली गेली तेव्हा थोरलीला कळलेलं होतं. डॉक्टरीणबाईंचा फोन येऊन गेला होता, सोमवारपासून नवं औषध. मोठे दीर कोपऱ्यात बसून वर्तमानपत्राची एकच घडी पुन्हा पुन्हा घालत होते. थोरली खिडकीपाशी तिच्या जागेवर होती. ती रफू करायची. फाटलेल्या, जळलेल्या, कुरतडलेल्या कापडात त्याच कापडाचे धागे काढून असे विणायची की मालकालाही भोक कुठे होतं ते दाखवता येऊ नये. खिडकीच्या दांडीवर लोकांचे कपडे टांगलेले, प्रत्येकाला चिठ्ठी टाचलेली. या नव्या औषधाने बोटांची टोकं बधिर होतात, हे तिला फोनवर सांगितलं होतं. कोणाची होतात, कोणाची नाही. झाली तर पुन्हा जागी होतील याची खात्री नाही. हे ती धाकटीला सांगत होती आणि सुई चालत होती, नेहमीपेक्षा जलद. सोमवारपर्यंत हातातलं सगळं संपवायचं, नवं घ्यायचं नाही, ठरलं होतं तिचं. जे संपणार नाही ते परत. "लोकांची भोकं लोकांना," ती म्हणाली आणि स्वतःच हसली. सांगायचं ते धाकटीच्या तोंडाशी आलं. तिने खाली पडलेली एक चिठ्ठी उचलून दिली.

शुक्रवार गेला, शनिवार गेला. बोलावं तर नोकरी. खोटी खूण ही चूक नव्हे, गुन्हा. दुसऱ्या कोणी केली असती तर तिनेच पहिल्यांदा वर सांगितलं असतं. पण नोकरीची भीती दिसत तरी होती, उभ्या माणसासारखी. दुसरी भीती दिसत नव्हती. समजा सांगितलं, आणि सहाच्या सहा खऱ्याच निघाल्या तर? स्कॅनवरचा डाग खराच असेल तर? मग बुडणाऱ्याला काठ दाखवून काढून घेतल्यासारखं होईल ते. भांडी घासताना, जिना उतरताना, बसची वाट बघताना ती त्या सहांच्या मागे जायची. गाठीतून एक पेशी सुटते. तिला ना पत्ता, ना सोबत. रक्त नेईल तिकडे जाते, हृदयाच्या दारातून आत, दारातून बाहेर, फुफ्फुसाच्या बोळांतून अंग चोरून. बहुतेक जणी वाटेतच मरतात. हजारांतली एखादी कुठेतरी टेकते, हाडात, यकृतात, आणि तिथल्यांच्यातलीच असल्यासारखी राहते, वर्षं वर्षं राहते, आणि मग एक दिवस संसार मांडते. आणि दुसरी एक पेशी, कातडीची, निरुपद्रवी, धुतली तर निघून जाणारी, सुईच्या टोकाला चिकटून नळीत उतरते. दोघींचा रंग एक. धाकटी डोळे मिटून ती सहा चित्रं बघायचा प्रयत्न करायची. आपल्या सुईची कोणती, गाठीची कोणती. रस्त्यात तिला वाटायचं, कोणीतरी मागून हाक मारतंय. वळून बघावं तर कोणी नसायचं.

रविवारी दुपारी थोरलीने तिला खाली बोलावलं. दांडी रिकामी झाली होती. थोरलीने सुयांची डबी तिच्या हातात दिली. केसासारख्या बारीक सुया, लांबीप्रमाणे ओळीने खोचलेल्या. "तू ठेव," ती म्हणाली. "तुझा हात सुईला सरावलेला आहे. माझ्याकडे राहिली तर रोज उघडून बघेन, आणि बोटांना काही कळायचं नाही, मग फार राग येईल मला." हे ती इतक्या सरळ बोलली, इतक्या यमकाशिवाय, की धाकटीला आता थांबता येईना. ती समोरच्या वेताच्या मोड्यावर बसली.

"ताई," ती म्हणाली, "त्या सहा खऱ्या नसतील."

मग तिने सगळं सांगितलं. शीर, नळ्या, कातडी, चौकोनातली खूण. थोरली ऐकत होती. तिचा चेहरा हलला नाही. बाहेर कोणीतरी गाडी मागे घेत होतं आणि ती गाडी एकसुरी टीं टीं करत होती, बराच वेळ.

"दुसऱ्यांदा टोचलं असतंस तर मी काय मेले असते?" थोरलीने विचारलं.

"नाही."

"मग?"

"तुम्ही रांगेत सगळ्यांना सांगत होता. ही एकदाच टोचते म्हणून."

थोरलीने रिकाम्या दांडीकडे बघितलं. धाकटीला वाटलं, आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. पण थोरलीचा आवाज उलट खाली गेला. "सहाशी माझं जमलं होतं," ती म्हणाली. "तीन दिवस लागले, पण जमवलं मी. कपडे परत केले. ह्यांना एकदा रडू दिलं. आता तू म्हणतेस कदाचित. या कदाचितला मी कुठे बसवू? घरात जागा आहे का तेवढी?" धाकटी म्हणाली की उद्या औषध सुरू होण्याआधी ती डॉक्टरीणबाईंना सांगेल, पुन्हा रक्त काढतील. थोरली म्हणाली, सांग. मग म्हणाली, तुझी नोकरी जाईल. धाकटी म्हणाली, जाईल. थोरलीने डबी तिच्या हातातून काढून घेतली आणि ड्रॉवरमध्ये ठेवली, जोरात.

डॉक्टरीणबाईंनी तिला बसायलाही सांगितलं नाही. आरडाओरडा त्यांनी केला नाही; त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं की असं आणखी किती जणांच्या बाबतीत केलंत. एकाही नाही, ती म्हणाली, आणि हे खरं होतं, आणि तिला दिसलं की ते खरं मानायचं की नाही हे त्या ठरवताहेत, चित्राकडे बघून मोजणारा ठरवतो तसं. चौकशी होईपर्यंत खिडकीवर बसायचं नाही. औषध चार दिवस पुढे ढकललं. थोरलीचं रक्त तिच्याऐवजी खिडकीवरचा दुसरा, पैलवान, काढणार, ज्याला हे नाव त्याच्या जाड बोटांवरून पडलं होतं. तो भला माणूस होता आणि त्याला घाम फुटला होता. उजव्या हाताला लागेना. डाव्या हाताला लागली आणि पळाली. तिसऱ्यांदा त्याने हाताच्या पाठीवर टोचलं तेव्हा थोरलीच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण ती सुईकडे बघत नव्हती. ती पूर्ण वेळ दारात उभ्या असलेल्या धाकटीकडे बघत होती. रागाने नव्हे. कशाने, ते धाकटीला लावता येईना. पहिली नळी. मग दुसरी, थेंब थेंब, खुणेपर्यंत. पैलवानाने चौकोनात खूण करण्याआधी कागद धाकटीला दाखवला, आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग चार दिवस. कामावर जायचं नव्हतं, तरी ती सकाळी त्याच वेळी उठायची, कपडे करून बसायची. खालून भांड्यांचा, बोलण्याचा आवाज यायचा नाही. तिसऱ्या दिवशी ती भाजी चिरत होती, मनात काही नव्हतं, निदान तिला तसं वाटत होतं, आणि त्या रिकाम्या मनात कोणीतरी स्पष्ट म्हणालं: सहाच येऊ देत. तिचा हात थांबला. सहा आल्या तर पहिली नळी निर्दोष होती. सहा आल्या तर कातडीचा कणही आला नव्हता, हात स्वच्छ होता, एकदाच टोचून बरोबर रक्त काढणारा हात, चूक फक्त कागदावरची. तिने सुरी खाली ठेवली. आपणच आपल्याला ऐकल्यासारखं ती भिंतीशी जाऊन उभी राहिली. हे तिच्यात कधीपासून होतं? कुठून सुटलं होतं, कुठे कुठे हिंडून आलं होतं, आणि हे आता मान वर करतंय तर आधी किती वर्षं गप्प टेकून राहिलं होतं? तिने नळ सोडला आणि हात पाण्याखाली धरले. मग नळ बंद केला. धुण्यासारखं काही हातावर नव्हतं.

निकालाला दोघी बरोबर गेल्या. मोठे दीर खाली गाडीतच बसले, त्यांच्याने वर येववेना. डॉक्टरीणबाईंनी कागद फिरवून दोघींच्या समोर धरला. चार. पाचाच्या आत. आहे तेच औषध चालू ठेवू, दीड महिन्याने पुन्हा रक्त, पुन्हा स्कॅन. डाग आहे तेवढाच आहे का, ते तेव्हा कळेल. थोरलीने विचारलं, चार म्हणजे चांगलं का वाईट. त्या म्हणाल्या, सहापेक्षा बरं, एकापेक्षा वाईट. एवढं खरं उत्तर दोघींना आजवर कोणी दिलं नव्हतं. धाकटीला सुटल्यासारखं झालं, आणि त्या सुटण्याच्या आत, तळाशी, एक बारीकशी कळ उठली, हात खोटा ठरल्याची. ती कळ तिने ओळखली. त्या कळेचा चेहरा तिला आता माहीत होता.

बाहेर बाकावर थोरली थांबली. तिचा डावा हात अजून काळानिळा होता. तिने गणित केल्यासारखं बोटांवर काहीतरी धरलं आणि म्हणाली, "म्हणजे सहांतल्या दोन तुझ्या, चार माझ्या."

"त्या दोनही तुमच्याच, ताई. तुमच्याच कातडीच्या."

"असतील. पण आणल्यास तू." आणि ती हसली, दम लागेपर्यंत हसली. धाकटीलाही हसावं लागलं, आणि हसताना भाजी चिरतानाची ती गोष्ट जिभेच्या टोकावर आली. सांगावी. एकदा सगळं सांगायला सुरुवात केलीच आहे तर हेही सांगावं. तिने थोरलीकडे बघितलं. त्या सुजल्या हाताकडे बघितलं. सांगितलं नाही. हे आपल्याकडेच राहणार, तिला कळलं, आणि दीड महिन्याने पुन्हा रक्त काढतील तेव्हा ते पुन्हा जागं होणार.

थोरलीचं हसू ओसरलं होतं. "त्या चार आत्ता कुठे असतील?" तिने विचारलं.

"एका जागी नसतात. फिरत असतात."

"सगळीकडे?"

"सगळीकडे."

"बोटांतसुद्धा?"

धाकटीला पटकन नाही म्हणता आलं असतं. "बोटांतसुद्धा," ती म्हणाली.

थोरलीने दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवले, मग उताणे केले. अंगठ्याने एकेका बोटाचं टोक दाबून बघितलं, करंगळीपासून तर्जनीपर्यंत, सावकाश, कापडाचा पोत बघावा तसं. बाकाच्या लाकडावरून बोट फिरवलं. धाकटीच्या बाहीची कड चिमटीत धरून चोळली.

"अजून सगळं कळतंय बोटांना," ती म्हणाली. "तेवढ्या त्या चारच कळत नाहीत."